माळावरचा तरवड बांधावर लावताना

तरवड, म्हणजे माळावर आपोआप येणारं पिवळ्या फुलांचं झुडूप, कोणी मुद्दाम लावतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढते. लावता येतो. बियापासून येतो, चांगला येतो, आणि आमच्यासारख्या कमी पाण्याच्या भागात तर बोगनवेलीच्या आधी त्याचा विचार करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आमची सोलापूरच्या बाहेर अक्कलकोट रोडच्या अंगाला थोडी जमीन आहे, अर्धी मुरमाड आणि अर्धी चुनखडीची, विहिरीला पाणी जेमतेम, त्यातल्या दोन बांधांवर मी तरवडाची रांग उभी केली आहे आणि आता ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

कशासाठी केलं ते आधी सांगते. आमच्याकडे नवरात्रात घटाला रोज एक माळ चढते आणि त्यात तरवडाची फुलं लागतातच, सासूबाई त्याबाबतीत ऐकत नाहीत, झेंडू कितीही असू दे तरवड पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि आमच्या शेजारच्या अक्का, म्हणजे तेलुगू पद्मशाली कुटुंब, सोलापूरच्या पूर्व भागात हे लोक पिढ्यानपिढ्या राहतात, विणकामासाठी आलेले, त्यांच्याकडे त्याच दिवसांत बतुकम्मा असतो. भाद्रपद अमावास्येपासून अष्टमीपर्यंत ताटात फुलांचे थर लावत लावत उंच रचतात आणि बायका त्याच्याभोवती फेर धरतात. त्या थरांत कुरडूचे तुरे आणि तरवडाची पिवळी फुलं मुख्य, तरवडाला त्या तंगेडू म्हणतात, आणि तेलंगणा राज्य झाल्यावर २०१४ साली तिकडच्या सरकारने तेच फूल राज्यफूल म्हणून जाहीर केलं. म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन घरांना एकाच आठवड्यात एकच फूल हवं असतं, आणि ते मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. पूर्वी गावाबाहेर पडलं की गायरानावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या खाणीच्या काठावर तरवडच तरवड असायचा. आता तिथे प्लॉटिंग. जेसीबी फिरला की पहिल्या तासात तरवड, बोराटी, हिवर सगळं एका बाजूला ढीग होऊन पडतं. बाजारात नवरात्रात फुलं येतात पण ती फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेली असतात, दुपारपर्यंत मलूल. मग मी ठरवलं की आपल्या बांधावर आपलाच तरवड पाहिजे.

पहिल्यांदा सरळ नर्सरीत गेले, कारण सगळेच तसं करतात. तिथे तरवड मागितला तर "कॅशिया आहे ना मॅडम, सेम" म्हणून रोपं पुढे केली. सेम नव्हती. कॅशिया आणि सेना या नावाखाली नर्सऱ्यांमध्ये कितीतरी पिवळ्या फुलांची परदेशी झुडपं आणि झाडं विकली जातात, फुलं लांबून सारखी वाटतात, लोक घेऊन जातात. त्यातली काही आपल्याकडे नीट वागतात आणि काही फार पसरतात, दक्षिणेत निलगिरी-वायनाडच्या जंगलात सेना स्पेक्टॅबिलिस नावाच्या अशाच एका पिवळ्या फुलाच्या झाडाने वनखात्याला हैराण करून सोडलंय. त्यामुळे ओळख पक्की करूनच घ्या. तरवडाची खूण अगदी सोपी आहे आणि फूल नसतानाही दिसते. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी गोलसर कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत, पान असेपर्यंत तशीच राहतात. तरवडाचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा, त्यातलं ऑरिक्युलाटा त्यावरूनच आलंय. दुसरी खूण म्हणजे पानाच्या मधल्या दांड्यावर छोट्या पानांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक उभी बारीक गाठ असते, नखाने चाचपली की लागते. तिथे मुंग्या हमखास सापडतात कारण त्या गाठीतून गोड रस पाझरतो. या दोन खुणा जुळल्या की तरवडच.

तर रोप विकत मिळालं नाही, आणि बरंच झालं. बी गोळा करायला लागलं.

फुलं पावसाळ्यात आणि नंतर जोरात असतात, शेंगा दिवाळीनंतर भरायला लागतात आणि संक्रांतीच्या पुढे वाळून तपकिरी होतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, आतल्या बिया बाहेरून उठून दिसतात आणि वाऱ्याने खुळखुळ वाजते. ती वाजायला लागली की तोडायची. हिरवी तोडून घरी वाळवली तर बी पोचट निघतं. मी आमच्या जमिनीच्या आसपासच्याच माळावरून शेंगा घेतल्या, एकाच मोठ्या झुडपावरून पिशवी भरण्यापेक्षा लांब लांबच्या बऱ्याच झुडपांवरून मूठमूठ घेतल्या, म्हणजे सगळी रोपं एकाच आईची होत नाहीत आणि त्या झुडपांखालीही बी पडायला उरतं. आणि जवळचंच बी घ्यायचं कारण असं की आमच्याकडे पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, चुनखडीची जमीन, या सगळ्याला पिढ्यानपिढ्या सरावलेलं बी इथेच मिळणार, दुसरीकडून कशाला आणायचं.

शेंगा फोडून बी काढताना एक गोष्ट नक्की बघा. बऱ्याच बियांना सुईने टोचल्यासारखं गोल भोक असतं. ती किडलेली, आत भुंगेऱ्याची अळी बी खाऊन, किडा होऊन बाहेर पडलेली असते. तुरीला, हरभऱ्याला लागतात त्याच जातकुळीचे हे किडे. भोक असलेलं बी सरळ फेकायचं. उरलेलं पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकायचं. आणि लगेच पेरणार नसाल तर चांगलं बी वाळवून बरणीत, थोडी राख किंवा कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवायचं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर बहुतेकांचं अडतं. तरवडाचं बी तसंच मातीत टाकलं तर त्यातलं थोडंच उगवतं, बाकीचं महिनोनमहिने ढिम्म राहतं. बी मेलेलं नसतं, त्याचं कवच पाणी आत घेत नाही. माळावर ते बी उन्हात तापतं, रात्री गार होतं, खडीवर घासतं, एखाद दुसऱ्या वर्षाने कवच झिजतं आणि मग पाऊस लागला की उगवतं, आणि सगळं एकदम उगवत नाही हेच त्याच्या फायद्याचं आहे, एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला तरी पुढच्या वर्षासाठी बी मातीत शिल्लक असतं. पण आपल्याला रांग करायचीय तर ते काम आपण करायचं. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पाणी उकळायचं, गॅस बंद करून भांडं खाली उतरवायचं, मिनिटभराने त्यात बी टाकायचं आणि झाकून रात्रभर तसंच थंड होऊ द्यायचं. उकळत्या पाण्यात गॅसवर बी शिजवायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. दुसरी पद्धत म्हणजे पॉलिश पेपरवर बी घासायचं नाहीतर नेलकटरने कवचाचा बारीक टवका उडवायचा, मात्र ज्या टोकाला बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या टोकाला हात लावायचा नाही कारण अंकुर तिकडेच असतो, उलट्या बाजूला टवका काढायचा, आणि मग साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं. थोडं बी असेल तर नेलकटर सगळ्यात भरवशाचा. जास्त असेल तर गरम पाणी.

सकाळी भांड्यात बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. ज्यांनी पाणी घेतलंय त्या बिया दुप्पट फुगलेल्या, मऊ, जराशा चिकट झालेल्या असतात, आणि ज्यांनी नाही घेतलं त्या तशाच टणक, चकचकीत, बोटांत घेतल्या की खड्यासारख्या. फुगलेल्या लगेच पेरायच्या, त्या परत वाळू द्यायच्या नाहीत. टणक राहिलेल्यांना पुन्हा गरम पाणी द्यायचं.

रोपांसाठी पिशव्या घेताना लांब घ्या. हे मी फार जोर देऊन सांगतेय. तरवड वर दोन पानं दाखवतो तेव्हा खाली त्याचं सोटमूळ वितीच्या दिशेने निघालेलं असतं. नेहमीच्या छोट्या बुटक्या पिशवीत ते तळाला लागतं आणि गोल फिरायला लागतं, आणि एकदा मूळ गोल फिरलं की जमिनीत लावल्यावरही ते खाली जायचं विसरतं, असं रोप पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकतं. मी फूटभर लांबीच्या अरुंद पिशव्या वापरल्या, त्याला भरपूर भोकं पाडली. भरण्यासाठी आमचाच मुरूम, थोडी माती, थोडी वाळू आणि मूठभर जुनं शेणखत. कोकोपीट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि तरवडाला पायाशी ओल आवडत नाही. बी बोटाच्या दोन पेरांइतकंही खोल नको, एखादा सेंटिमीटर पुरे, वरून बारीक मुरूम भुरभुरायचा. आणि ऊन पूर्ण. शेडनेटखाली ठेवलं तर रोपं लांबट, लुळी होतात.

पेरणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये करायची, म्हणजे जूनमधला पाऊस येईपर्यंत रोप वीतभर होतं आणि मूळ पिशवीच्या तळाला जेमतेम पोचलेलं असतं. काही जण फेब्रुवारीतच पेरा म्हणतात, मोठं रोप लावता येतं म्हणून. मला ते पटत नाही. तरवडात रोप किती उंच यापेक्षा त्याचं मूळ किती सरळ याला महत्त्व आहे. खरं तर सगळ्यात उत्तम म्हणजे पहिला चांगला पाऊस झाला की भिजवलेलं बी थेट जागेवर टोकायचं, एका जागी दोन-तीन, नंतर चांगलं रोप ठेवून बाकीची काढायची. मी एका बांधावर रोपं लावली आणि दुसऱ्या बांधावर बी टोकलं, आणि दोन वर्षांनी टोकलेली रांग रोपांच्या रांगेच्या पुढे गेली होती, खोडही जाड. फक्त टोकलेल्या रांगेत तण काढत राहावं लागतं, नाहीतर काँग्रेस गवत त्या चिमुरड्या रोपांना पार झाकून टाकतं आणि खुरपणाऱ्या बायका गवतासोबत त्यांनाही उपटतात. म्हणून प्रत्येक टोकलेल्या जागी मी एक काटकी रोवून तिला चिंधी बांधली होती, ते फार उपयोगी पडलं.

कोंब आठवडाभरात दिसायला लागतात, काही मागून येतात. आधी दोन जाड बियापानं, मग छोटं संयुक्त पान. आता एक गोष्ट, कारण यावरून आमच्याकडे राखणीला असलेले मामा घाबरले होते. संध्याकाळी अंधार पडायला लागला की तरवडाची छोटी पानं खाली वळून जोडीजोडीने मिटतात आणि सगळं रोप सुकल्यासारखं दिसतं. ते झोपतं. चिंच, शिरीष यांचंही असंच असतं. मामांना वाटलं पाणी कमी पडलं, ते रोज संध्याकाळी बादल्या ओतत होते, आणि त्या जास्तीच्या पाण्याने कडेची काही रोपं बुडाशी कुजली. पाणी पाहिजे की नको हे सकाळी आठ-नऊला बघायचं. त्या वेळी पानं उघडी, ताठ असतील तर पाणी द्यायचं नाही.

आमचे एक नातेवाईक शेतीतले, ते म्हणाले शेंगवर्गीय आहे ना मग जमिनीला नत्र देणार, रायझोबियमचं, म्हणजे नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट लावून पेर. हे बऱ्याच जणांना वाटतं म्हणून सांगते. विरळणी करताना काढलेली रोपं मी बादलीत धुवून बघितली. तूर, भुईमूग, हरभरा उपटला की मुळांवर गाठी दिसतात, त्या गाठीत नत्र धरणारे जिवाणू असतात. तरवडाचं मूळ लांबलचक, तपकिरी, स्वच्छ, एकही गाठ नाही. सेना कुळातल्या झाडांचं साधारण असंच आहे, शेंग आहे पण गाठी नाहीत. त्यामुळे पाकिटाचे पैसे वाचवा. जमिनीला तो देतो ते पाल्यातून. तामिळनाडूत भातखाचरात तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून तुडवतात, खारवट जमिनीत विशेष. मीही छाटणीचा पाला तिथेच बुडाशी पसरते, माती खाली ओलसर राहते.

लावणीचं फार काही नाही. कुंपणासारखी दाट रांग पाहिजे तर दोन-अडीच फुटांवर, एकेकटं झुडूप फुलांसाठी पाहिजे तर पाच-सहा फुटांवर. खड्डा फूट-दीड फूट, तळ कुदळीने सैल करायचा, खत जवळजवळ नकोच. भरपूर शेणखत आणि युरिया दिलेला तरवड मी दुसऱ्यांच्या बंगल्यात बघितलाय, नुसता पाला, फूल नावाला. पावसाने ओढ दिली तर पहिल्या वर्षी आठवड्याला एखादं पाणी, पहिल्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा भरपूर, खोलवर मुरेल असं. रोज थोडं थोडं ठिबकने दिलं तर मुळं वरवर राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून मी पाणी बंद केलं. पूर्ण बंद. काळ्या जमिनीतही तो येतो पण पाणी साचता कामा नये, आमच्या शेताच्या सखल कोपऱ्यात एका मोठ्या पावसानंतर चार दिवस पाणी थांबलं आणि तिथली रोपं पिवळी पडून गेली, वरच्या मुरमाडातल्यांना काहीही झालं नाही.

शेळ्यांची भीती मला फार होती कारण बांधाच्या पलीकडून रोज कळप जातो. पण आमच्याकडच्या शेळ्या तरवडाला तोंड लावत नाहीत. बोराटी खातात, हिवराच्या शेंगा खातात, शेजारची तूर तर डोळा चुकवून खातातच, तरवडाला वास घेऊन पुढे जातात. इतकी वर्षं गायरानावर तो टिकला तो यामुळेच. फक्त रोपं लहान असताना पायाखाली तुडवली जातात, तेव्हा बोराटीचे काटे आडवे टाकायचे. त्याच्यापेक्षा मोठा धोका उन्हाळ्यात बांध पेटवणाऱ्यांचा. आमच्या शेजारच्या बांधाला आग लावली ती इकडे आली आणि अर्धी रांग वरून करपली. मी आशा सोडली होती पण पाऊस पडल्यावर बुडख्यातून एकेका झुडपाला पाच-सहा जोरकस फुटवे आले.

पहिली फुलं दुसऱ्या पावसाळ्यात आली, एक-दोन झुडपांना तर पहिल्याच वर्षी चुकार गुच्छ आला होता. फांदीच्या शेंड्याकडे गुच्छ येतात, पाकळ्या पाच, सारख्या नसतात, कडा जरा चुरगळलेल्या, पिवळा असा की ढगाळ दिवशीही लांबून डोळ्यात भरतो, आणि पाकळीवर बारीक नारिंगी शिरा. मी सकाळी तिथे स्टूल टाकून बसते, कामाला जायच्या आधी. या फुलात मध नसतो. येणारे सगळे परागासाठी येतात, आणि पराग सहजासहजी मिळत नाही कारण पुंकेसराच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात, बाकी सगळं बंद. मोठा काळा भुंगा येतो, तोच जो लाकूड पोखरतो, तो फुलावर बसला की त्याचा आवाज बदलतो. उडतानाचं जाड घूं थांबतं आणि एकदम चिरका, उंच झुर्र्र असा आवाज येतो, थांबून थांबून, आणि ते अख्खं फूल थरथरतं. पंख न हलवता तो अंगाचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने छिद्रांतून पराग उडून त्याच्या पोटावर पडतो. फूल हातात धरून बघा, दहापैकी वरचे तीन पुंकेसर छोटे आणि वांझ असतात, आणि खालचे लांब वाकडे. भुंगा गेल्यावर त्या लांब पुंकेसरांच्या टोकाला पिवळी भुकटी चिकटलेली दिसते. हे बघायला मिळावं म्हणून तरी एक तरवड घराजवळ असावा असं मला मनापासून वाटतं. भुंगे नसतील तिथे फुलं येतील पण शेंगा धरायच्या नाहीत.

आणि अळ्या येणार. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर लिंबासारखी पिवळसर-पांढरी फुलपाखरं घिरट्या घालायला लागली की समजायचं, एमिग्रंट जातीची आहेत, ती तरवड, टाकळा, बहावा याच मंडळींवर अंडी घालतात. अंडं पांढरं, तांदळाच्या कणीएवढं, पानावर उभं. अळी हिरवी, पानाच्या मधल्या दांड्यावर अशी पडून राहते की बोट लागेपर्यंत दिसत नाही. एखाद्या आठवड्यात ती अख्ख्या फांदीचा पाला संपवते. कृपा करून फवारणी करू नका. तिच्यावर फवारलेलं भुंग्यालाही लागणार, आणि झुडूप पंधरा दिवसांत पुन्हा पालवतं, मी दरवर्षी बघते. पानावरच्या गाठीतल्या रसासाठी आलेल्या मुंग्याही थोड्या अळ्या उचलून नेतात. फक्त पिठ्या ढेकूण, म्हणजे ती पांढरी पिठासारखी कीड, शेंड्याला दाट बसला तर ती फांदी कापून टाकायची, तेवढं पुरतं.

छाटणी वर्षातून एकदा पण न चुकता. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटली नाही तर झुडूप खालून उघडं, काटकुळं होतं आणि फुलं पार वर शेंड्याला जातात, हात पोचत नाही. शेंगा वाळून बी काढून झालं की, साधारण मार्चमध्ये, एक तृतीयांश उंची कमी करायची. कुंपण करायचं असेल तर पहिल्या दोन वर्षी जरा जास्तच खाली घ्या म्हणजे बुडापासून फुटवे येतात. फांद्या फेकू नका, आमच्या सासूबाई त्यातल्या करंगळीएवढ्या सरळ काड्या निवडून दातवणाला ठेवतात, कडवट-तुरट असतात, हिरड्या आवळून येतात. तो तुरटपणा सालीतल्या टॅनिनचा. कातडी कमावायला तरवडाची साल आपल्याकडे आणि खाली मद्रासकडे फार वापरली जायची, सालीचे भारेच्या भारे जायचे, पुढे दक्षिण आफ्रिकेहून वॉटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली आणि तरवडाचा भाव पडला. आता ती माणसं आणि ते काम दोन्ही कमी झालं.

फुलांच्या चहाबद्दल लोक विचारतात. तामिळनाडूत, श्रीलंकेत वाळवलेल्या फुलांचा चहा पितात, तिकडे ती जुनी रीत आहे, श्रीलंकेत त्याला रनवरा म्हणतात. मीही फुलं सावलीत वाळवून कधीतरी करते, चव छान, सौम्य. पण शुगरवर रामबाण म्हणून जे फिरतं त्यावर विसंबून कोणी गोळ्या बंद करू नका, आणि आधीच गोळ्या चालू असतील तर रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पाला आणि शेंगा तर सोनामुखीच्या नात्यातल्या, पोट चालवतात, त्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तरवड चांगला, देशी, म्हणून कोणी उठून मोकळ्या गवताळ माळावर त्याची दाट लागवड करू नका. आमच्या जवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं, तिथल्या माळाला मोकळेपणाच लागतो. माळढोक, धाविक, चंडोल हे उघड्या गवताचे पक्षी, त्यांना सगळीकडे झुडपं झाली तर जागा उरत नाही. माळावर तरवड असतो तो विरळ, इकडे एक तिकडे एक. तिथे तो आपोआप येतो, तिथे त्याला तोडू नका आणि वाढवायलाही जाऊ नका. लावायचा तो बांधावर, प्लॉटच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला, हायवेच्या दुभाजकात, सोसायटीच्या त्या कोपऱ्यात जिथे टँकरचं पाणी ओतून लॉन जगवायची धडपड चालते.

आता नवरात्रात आमच्याकडे फुलं न्यायला बायका येतात, अक्कांच्या गल्लीतल्या, आमच्या नात्यातल्या, काही ओळखीच्या नसलेल्याही. कोणाला नाही म्हणत नाही, पण पद्धत ठरवून दिली आहे. उजाडल्यावर लगेच नाही, भुंग्यांची पाळी होऊ द्यायची, दहाच्या पुढे तोडायचं. फांदी मोडायची नाही, कात्रीने गुच्छ कापायचा, खालच्या कळ्या ठेवायच्या, आणि प्रत्येक झुडपावर निदान निम्मी फुलं सोडायची. अक्का स्वतः उभ्या राहून बघतात, मी ऑफिसला असले तरी. टोपलीत फुलं घातल्यावर वरून ओलं सुती फडकं टाकायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तासाभरात काळी पडतात. माळेसाठी पूर्ण उमललेलं फूल घ्यायचं नाही, सुई जाताना पाकळ्या गळतात, अर्धवट उघडलेलं घ्यायचं, ते संध्याकाळपर्यंत घटावर उघडतं. बतुकम्माच्या थराला मात्र पूर्ण उमललेले गुच्छच लागतात, देठ बोटभर ठेवून.

ज्यांना बी पाहिजे त्यांनी फेब्रुवारीत विचारा, मार्चच्या छाटणीनंतर उरत नाही. आणि सोलापूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग इकडचे असाल तर माझ्याकडून नेण्याआधी आपल्याच गावाबाहेर एक चक्कर मारा, खाणीच्या काठाला नाहीतर जुन्या गाडीवाटेला वाळक्या शेंगांचं झुडूप सापडेल. भोकाचं बी फेका, उरलेल्याला नेलकटर लावा, रात्रभर भिजवा.